घडीची पोळी आणि आमचें शिक्षण

विद्या म्हणजे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे, हें वचन बक्षीससमारंभाच्या प्रसंगीं बहुतेक प्रत्येक वक्ता उच्चारतो आणि श्रोते टाळ्या वाजवून त्यास मान्यता देतात. परंतु समारंभ आटोपून मंडळी घरीं परतली, कीं मुलगी स्वयंपाकघरांत जाते व मुलगा पानावर येऊन बसतो. या नित्याच्या प्रकाराविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं शाळा सोडण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, घडीची पोळी करितां आली पाहिजे.

पोळीच कां, असें कोणी विचारील. भात शिजविणें किंवा चहा करणें एका दिवसांत येतें. घडीची पोळी मात्र हात, डोळा व बुद्धि या तिघांचीही परीक्षा पाहते. कणकेंत मीठ व थोडें तेल घालून ती पाण्यानें मळावी, चांगली तिंबावी व अर्धा तास झांकून ठेवावी. मग लिंबाएवढा उंडा घेऊन पुरीएवढा लाटावा, त्यावर तेलाचें बोट फिरवावें, चिमूटभर पिठी भुरभुरावी व अर्धी घडी घालावी; पुन्हां तेल व पिठी लावून दुसरी घडी घालावी. ही चौपदरी त्रिकोणी घडी हलक्या हातानें लाटून गोल करणें, तिचे कांठ जाड राहूं न देणें, आणि तवा नीट तापल्यावरच ती त्यावर टाकणें, यांतच सारें कौशल्य आहे.

या कृतींत विज्ञानाचा एक सुंदर पाठ आहे. गव्हाच्या पिठांतील प्रथिनें पाणी लागतांच एकमेकांत गुंफलीं जातात व ग्लुटेन नांवाचें चिवट जाळें तयार होतें. मळल्याबरोबर लाटूं गेल्यास तें आखडतें. विसावा मिळाला म्हणजे सैल पडतें, व पोळी न फाटतां पसरते. घडींतील तेल दोन थरांस एकजीव होऊं देत नाहीं. तव्यावर कणकेंतील पाण्याची वाफ होते. ही वाफ मूळच्या पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा व्यापूं पाहते, आणि त्या धडपडींत थर उचलून धरते. यालाच आपण पोळी फुगली, पदर सुटले, असें म्हणतों. पंजाबांतील लच्छा पराठा लाटलेल्या कणकेच्या चुण्या करून व गुंडाळून करितात. मलबारांतील परोटा मैद्याचा पातळ पडदा ताणून व गुंडाळून करितात. रीति निराळ्या, तत्त्व एकच. ज्वारी-बाजरीच्या पिठांत असें जाळें होत नाहीं, म्हणून भाकरी घडी घालून लाटीत नाहींत, थापतात. वाफेचे गुणधर्म पाठ करणाऱ्या किती विद्यार्थ्यांनीं ते आपल्या ताटांत पाहिले आहेत?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, कीं परीक्षा तोंडावर असतां पोळ्या लाटीत कोठें बसावयाचें? रविवारच्या एका तासानें कोणाचे गुण घटतील, असें आम्हांस वाटत नाहीं. हातांच्या कामांतून बुद्धीचा विकास साधावा, हा विचार महात्मा गांधींनीं १९३७ सालीं वर्धा येथील शिक्षण परिषदेंत देशापुढें मांडला होता. त्याचा पहिला धडा घरांतल्या पोळपाटावरही घेतां येईल. दुसरा आक्षेप असा, कीं हल्लीं गोठविलेले पराठे पुडक्यांत मिळतात व पोळीभाजीचीं दुकानेंही निघालीं आहेत. मिळतात हें खरें, आणि कामावरून थकून येणाऱ्या माउलीनें त्यांचा आधार घेतला तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु विकत घेणें आणि करितां न येणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप, कीं हें बायकांचें काम. योहानकृत शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायांत, रात्रभर जाळीं टाकून थकलेल्या शिष्यांकरितां प्रभु येशूनें सरोवराच्या कांठीं विस्तवावर मासळी व भाकर सिद्ध ठेविली होती, असें वर्णन आहे. गुरूनें शिष्यांसाठीं अन्न सिद्ध करावें यांत ज्यांस कमीपणा दिसत नाहीं, त्यांनीं आपल्या पुत्राच्या हातीं लाटणें देण्यास कां लाजावें?

परंतु आमच्या आग्रहाचें खरें कारण याहून जवळचें आहे. घडीची पोळी गरम असतांनाच गोड लागते. म्हणून ज्यांच्याकरितां ती करावयाची, त्यांचीं पानें आधीं वाढलीं जातात, आणि करणारी तव्यापुढें उभी राहते. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर तिच्या वाट्यास येते ती डब्यांतील तळची, निवालेली पोळी. बालमित्रांनो, तव्यावरून नुकतीच उतरलेली पोळी तुमच्या आईनें शांतपणें पानावर बसून केव्हां खाल्ली, हें आठवून पाहा. ज्यास पोळी करितां येते, त्यालाच "आई, तूं आधीं बैस, मी करून वाढतों," असें म्हणतां येतें. इतरांचें प्रेम कितीही खरें असलें, तरी तें या एका बाबतींत शब्दांपुरतेंच राहतें.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं येत्या सुट्टींत मुलामुलींस सारख्याच हक्कानें पोळपाटाशीं बसवावें; लहान इयत्तांतील मुलांना मात्र तव्याजवळ एकटें सोडूं नये. पहिली पोळी नकाशासारखी होईल, दुसरी वातड होईल. तिला हंसूं नये, ती खावी. आठ-पंधरा दिवसांत पदर सुटूं लागतील. प्रगतिपुस्तकांत या विषयास रकाना नाहीं, हें खरें. परंतु त्याची परीक्षा घेणारी घरींच आहे, आणि ती गुण देतांना हात आंखडता घेणार नाहीं.