घरची प्रयोगशाळा : मीठ गेले कुठे?

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून एक गोष्ट सर्रास आढळते. मूल विज्ञान शिकते ते हिंदीतून, गुजरातीतून, कन्नडमधून अथवा इंग्रजीतून. आणि मराठी उरते ती जेवणाखाण्यापुरती व सणावारापुरती. ज्ञानाची भाषा निराळी आणि घरची निराळी अशी वाटणी एकदा झाली, की घरच्या भाषेचा वाटा वर्षागणिक आकसत जातो. म्हणून या महिन्यात आम्ही पालकांना स्वयंपाकघरातच बोलावीत आहोत. मिश्रणे आणि द्रावणे शिकविण्यास त्याहून चांगली प्रयोगशाळा नाही, आणि तेथील भाषा अजून मराठीच आहे.

प्रथम पाच पेल्यांत पाणी घ्यावे. मीठ, साखर, बारीक वाळू, हळद आणि गोडेतेल यांचा एकेक चमचा एकेका पेल्यात घालावयाचा आहे. पण त्यापूर्वी 'काय होईल?' असे मुलाला विचारून त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवावे. मग त्यानेच ढवळावे. मीठ व साखर दिसेनाशी होतात, वाळू तळाशी बसते, तेल वर येते. हळद मात्र फसविते. पाणी पिवळे झालेले पाहून मूल 'विरघळली' असे म्हणेल. त्याला लगेच चूक ठरवू नये. पेला रात्रभर स्थिर ठेवावा; सकाळी तळाचा थर त्याला आपोआप दिसेल. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. फोडणीचे तेल पिवळे का होते, याचे उत्तर येथेच मिळते.

आता खरा प्रश्न : मीठ गेले कुठे? पाण्याचा पेला आणि कागदावर काढलेले मीठ तराजूत एकत्र ठेवून वजन लिहावे. मग मीठ पाण्यात विरघळवून पेला व रिकामा कागद पुन्हा तोलावा. वजन तेवढेच भरते. नंतर ते पाणी पसरट ताटलीत ओतून उन्हात ठेवावे. पाणी उडून गेले, की पांढरे कण मागे राहतात. नाहीसे झालेले मीठ मुलाच्या हाती परत येते. गोव्यातील मिठागरांत हेच काम सूर्य मोठ्या प्रमाणावर करतो.

तिसरा प्रयोग मोजण्याचा. १०० मिलिलिटर पाण्यात मीठ चमच्याचमच्याने घालीत जावे. सुमारे ३६ ग्रॅम झाले, की पुढचे मीठ तळाशीच राहते. द्रावण संपृक्त झाले. पाणी उकळले तरी मर्यादा जेमतेम ३९ ग्रॅमपर्यंत जाते. साखरेचे तसे नाही. तेवढ्याच साध्या पाण्यात ती सुमारे २०० ग्रॅम मावते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. गरम, दाट पाकात दोरा सोडून भांडे काही दिवस न हलविता ठेवले, तर जादा साखर दोऱ्यावर खड्यांच्या रूपाने जमते, हीच खडीसाखर. शेगडीजवळचे काम अर्थातच मोठ्यांनी करावे. न्हाणीघरातील सफाईची द्रव्ये मात्र कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. त्यांतून विषारी वायू निघू शकतो.

शेवटी वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करून मुलापुढे ठेवावे व 'वेगळे कर' एवढेच सांगावे. लोहचुंबक, पाणी, फडके आणि ऊन यांचा क्रम त्यानेच शोधावा. या वेळी आजींना जवळ बसवावे. निवडणे, पाखडणे, चाळणे, गाळणे, निवळणे, घुसळणे : पदार्थ वेगळे करण्याच्या इतक्या रीतींना आपल्या घरात स्वतंत्र शब्द आहेत. ज्याने सूप आणि रवी पाहिली आहे, त्याला पुस्तकातील प्रकरण परके वाटत नाही.

शब्दांचा हा दुवा शाळेपर्यंतही पोहोचतो. मराठीतील 'द्रावण' गुजरातीत आणि कन्नडमध्येही द्रावणच आहे. हिंदी पुस्तकात तो 'विलयन' होतो. बडोद्याच्या वा बेळगावच्या मुलाला आपलाच शब्द वर्गात भेटतो, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला दोन शब्द मिळतात. दोन्हींत लाभच आहे.

स्वतः करून शिकण्याची ही रीत आपल्या शेजारी पूर्वीच अजमावली गेली आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतील मुले साध्या साहित्याने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. शाळेतले असे उपक्रम शासनाच्या निर्णयाने थांबू शकतात. घरचा उपक्रम चालू ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते.

उत्तर सांगण्याचा मोह आवरावा, प्रश्न मराठीत विचारावा आणि मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे, एवढीच आमची पालकांस विनंती आहे. आपल्या मुलांनी हळदीविषयी काय अंदाज बांधला, ते आम्हांस अवश्य कळवावे.