शार्क पाळायचाय? आधी शब्द पाळा!

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत लागत नाही. तरीही आपल्या शहरात 'शार्क' विकत मिळतो आणि तोसुद्धा पिझ्झापेक्षा स्वस्त!

हे आत्ताच आठवायचं कारण म्हणजे, गॅदरिंगचे उरलेले पैसे वापरून कॉमन रूममध्ये फिश टँक घ्यायचा अशी टूम सध्या आमच्या हॉस्टेलमध्ये निघाली आहे. टँकला माझी ना नाही. सबमिशनच्या रात्री दोन मिनिटं मासे बघत बसावं, डोकं शांत होतं. पण नोटीस बोर्डावर जी यादी लागली आहे तिच्यात पहिलीच ओळ अशी आहे : 'शार्क, ४ नग'. नग! जसे बल्ब ४ नग, झाडू २ नग. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे, दुकानात मिळणारा हा शार्क शार्कच नसतो. राखाडी-चंदेरी अंग, पाठीवर उभा पर आणि सतत इकडून तिकडे फेऱ्या मारायची सवय, एवढ्या भांडवलावर त्याला हे नाव चिकटलंय. जातीने तो मागूरच्या गोतावळ्यातला, मिशीवाला मासा आहे. गाव त्याचं मेकाँग नदी, म्हणजे थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामकडचं. बाजारात त्याला पंगास म्हणतात आणि हॉटेलात ज्याचे पांढरेशुभ्र तुकडे 'बासा' म्हणून ताटात येतात, तो बहुतेक वेळा हाच. आंध्रात त्याची मोठी शेती होते, महाराष्ट्रातल्या काही धरणांतही जाळीच्या पिंजऱ्यांत त्याला वाढवतात. थोडक्यात, तुमच्या टँकमध्ये 'जॉज'चा व्हिलन नसतो, शेजारच्या टेबलावरची फिश फिंगर असते!

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण त्या माशासाठी नाही. दुकानात तो बोटाएवढा, साधारण ५ सेंटिमीटरचा असतो. पूर्ण वाढला की एक मीटरच्या पुढे जातो. सव्वा मीटर लांबीच्या आणि ४० किलोहून जास्त वजनाच्या माशांची नोंद आहे. आता आपण इंजिनिअरिंगवाले, तर गणित करू. ५ सेंटिमीटरचा मासा १ मीटरचा झाला म्हणजे लांबी वीसपट. वजन लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजारपट! आपला टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, त्यात पाणी बसतं जेमतेम १६० लिटर. एक मीटरचा मासा तीन फुटांच्या टँकमध्ये सरळसुद्धा मावत नाही, वळायचं तर सोडाच. आणि असे चार नग!

हे मी एका दुकानात विचारलं. उत्तर आलं, "काही टेन्शन नका घेऊ ताई, टाकीच्या मापानेच वाढते मासा." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. दुकानदारापासून डॉक्टरांच्या वेटिंग रूमपर्यंत सगळे ते छातीठोकपणे सांगतात. खरं असं आहे की लहान टाकीत माशाची वाढ खुंटते ती त्याच्या समजूतदारपणामुळे नाही, तर पाणी खराब होत असल्यामुळे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासा मोठा आणि पाणी थोडं असलं की ही साखळी कोलमडते आणि तो स्वतःच्याच घाणीत श्वास घेत राहतो. लहान मुलाला लहान बूट घातले म्हणून पाय मापात राहिला, असं म्हणण्यासारखं आहे हे.

पंगासची अडचण अशी की तो चिवट आहे. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवेचा घोट घेतो आणि दिवस काढतो. दचकला की जोरात धाव घेतो आणि काचेवर नाक आपटतो. ज्याची जमात नदीत शेकडो किलोमीटर प्रवास करते, त्याला तीन फुटांत तेवढंच करता येतं. आणि बघणारे म्हणतात, "मस्त ॲक्टिव्ह आहे ना!" मरत नाही म्हणून तो मजेत आहे, हे आपण परस्पर ठरवून टाकतो.

बरं, मग खरा शार्क आणला तर? शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या कित्येकांना श्वास घेण्यासाठी सतत पोहावं लागतं, थांबला की गुदमरला. बांबू शार्क मात्र तळाशी पडून राहू शकतो, म्हणून परदेशातले शौकीन तोच घेतात. तिकडे त्याची अंडीसुद्धा विकत मिळतात. पण त्यातलाही पट्टेवाला बांबू शार्क मीटरभर वाढतो. सिव्हिलवाल्यांसाठी हिशेब : दोन मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद टँकमध्ये १००० लिटर पाणी भरलं तर त्यात ३५ किलो मीठ लागेल. पाण्याचंच वजन एक टन, म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर. आपल्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला दोनशे किलोचा भार धरून डिझाइन करतात! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी : शार्कच्या नाकाभोवती बारीक कुप्या असतात. पाण्यातला, सेंटिमीटरला व्होल्टचा काही अब्जांश एवढा सूक्ष्म फरकही तो त्यांनी टिपतो. आणि आपण त्याच पाण्यात पंप आणि लायटिंग सोडणार.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या तोंडाशी. उगाच नाही! अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माँटेरे बे नावाचं मत्स्यालय आहे. तिथे २००४ ते २०११ या काळात एकूण सहा ग्रेट व्हाइट शार्क, सगळे लहान वयाचे, ठेवून पाहिले. टाकी सुमारे ३८ लाख लिटरची, दिमतीला शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य. सर्वात जास्त टिकलेली मादी १९८ दिवस राहिली. तिने टाकीतल्या दुसऱ्या दोन शार्कचा जीव घेतला, तेव्हा २००५ मध्ये तिला समुद्रात परत सोडलं. २०११ मधला शेवटचा शार्क तर सोडल्यावर थोड्याच वेळात मेला. त्यानंतर त्यांनी हा नाद सोडला. ज्यांना ३८ लाख लिटरमध्ये जमलं नाही ते आपण कॉमन रूममध्ये, कॅरमबोर्डाच्या बाजूला करणार आहोत का?

आता कायद्याचं. महाराजबागेतल्या वाघाच्या पिंजऱ्यासाठी केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम आहेत. ते प्राधिकरण १९९२ पासून आहे. दिवाणखान्यातल्या माशाकडे बघायला कोणी येत नाही. पण १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा बघा. त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी कोंडणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे दंड माशाच्या किमतीहूनही कमी असू शकतो! तेव्हा पोलीस येतील म्हणून घाबरा, असं मी म्हणणार नाही. कोणी येणार नाही. म्हणूनच हा प्रश्न कायद्याचा कमी आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा जास्त आहे.

मेसमधल्या चर्चेत एका सीनियरने मला बरोबर कोंडीत पकडलं : "तू संडेला फिश फ्राय खाते ना? मग काहून ज्ञान देऊन राहिली?" प्रश्न चुकीचा नाही. मालवणात तर लहान शार्कचं, म्हणजे मोरीचं, झणझणीत कालवण आवडीने खातात. मासे खावेत की नाही यावर मोठा वाद होऊ शकतो आणि शाकाहारी मंडळींची बाजू कमजोर नाही. पण खाणारा 'मी याला सांभाळतो' असा दावा करत नाही. पाळणारा करतो. मराठीत 'पाळणे' हा एकच शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो : जनावर पाळणे आणि शब्द पाळणे. मला वाटतं हा निव्वळ योगायोग नाही. जो जीव स्वतः अन्न शोधू शकत नाही, पाणी बदलू शकत नाही, दार उघडून जाऊ शकत नाही, त्याला आणलं त्या दिवशी आपण न बोलता एक शब्द दिलेला असतो.

तो शब्द हॉस्टेलमध्ये कोण पाळणार? मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा सगळे घरी असतात. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. वॉचमन काकांनी रात्रभर बादलीने पाणी ढवळायचं का? पंगास नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगू शकतो. आपण इथे चार वर्षं. म्हणजे आपली हौस फेडायला अजून दोन बॅच लागणार, ज्यांना कोणी विचारलेलंच नाही.

मग मासा मोठा झाला की लोक काय करतात? मोठ्या पुण्याचं काम म्हणून फुटाळ्यात नाहीतर अंबाझरीत सोडतात. हे तर आणखी वाईट. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीला पूर आला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि तिथून पाणी पुढे गोदावरीपर्यंत जातं. टँकमधला मासा त्या वाटेने कुठवर जाईल सांगता येत नाही. त्याच २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा अमेरिकन मासा सापडला. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात टँकमधला सकर मासा येतो. भंडारा-गोंदियातले ढीवर बांधव मामा तलावांतल्या देशी माशांवर पिढ्यानपिढ्या पोट भरत आलेत. आपली हौस शेवटी त्यांच्या जाळ्यात जाऊन पडायला नको.

शार्कच का हवा, याचाही जरा विचार करू. गप्पी तितकाच सुंदर असतो, पण "आमच्या हॉस्टेलला गप्पी आहे" म्हटल्यावर कोणी वळून बघत नाही. शार्क म्हटलं की कॉलर टाइट! म्हणजे हौस माशाची नाहीच, नावाची आहे. काही घरांत वास्तुदोषासाठी मासे ठेवतात आणि एखादा मेला की म्हणतात, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." अहो, त्याच्यावरचं संकट कोण होतं, ते तर विचारा!

नुसती टीका करणं सोपं, म्हणून माझा प्रस्ताव. टँक जरूर घ्या. यादीतून शार्क काढा, 'सिल्व्हर शार्क'सुद्धा काढा, कारण तोही फूटभर वाढतो. त्याऐवजी लहानच राहणारे गप्पी, मोली घ्या, तेही मोजके. दुकानात भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा : हा किती मोठा होतो? किती वर्षं जगतो? आणि सुट्टीत याच्याकडे कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कोणाचं तरी नाव लिहून नोटीस बोर्डावर लावा. नाव लागलं नाही तर टँक नको. कॉमन रूमला एक कूलर घेऊ, तो बंद राहिला तरी कोणी मरत नाही.

येत्या मीटिंगमध्ये मी हेच मांडणार आहे. वॉर्डन सर आणि मेस कमिटीनेही यावं. आणि ज्यांना शार्क हवाच आहे त्यांनी तर नक्की यावं, येताना फक्त फूटपट्टी घेऊन यावं!