चाक घ्यावे, कर्ज घेऊ नये

ट्रायथलॉनमध्ये पोहण्या-धावण्यापेक्षा सायकलच घराचा खिसा रिकामा करते. गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत ती ९० किलोमीटर चालवायची, तीही दुसऱ्याच्या आडोशाने नव्हे. वारा ज्याचा त्यानेच कापायचा. म्हणून मुले उंच रिमची कार्बन चाके मागतात. त्यांचे मागणे गैर नाही. परंतु कर्ज काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून हिशेब करावा, असे आम्हास वाटते.

वाऱ्याचा मोठा अडथळा चाकाचा नसतो, स्वाराच्या अंगाचा असतो. तेव्हा पहिला पैसा एरोबारला आणि हलके पळणाऱ्या टायरला द्यावा. वाकून बसण्याचा सराव तर फुकटच आहे. मग मागच्या साध्या चाकावर प्लॅस्टिकचे झाकण बसवावे. स्पर्धेच्या नियमात ते चालते का, हे आधी विचारावे. उंच चाके घ्यायचीच तर पुढचे मध्यम उंचीचे घ्यावे, कारण आडव्या वाऱ्यात उंच रिम हँडल ओढते. वापरलेले कार्बन चाक घेताना तडा नीट पाहावा. ब्रेक रिमवर लागत असेल तर कार्बनसाठीचे वेगळे ब्रेक रबर लागते, तोही खर्च धरावा.

महाग चाकाने वाचणारी मिनिटे थोडीच. तेवढ्यासाठी धाकट्या बहिणीची फी थांबू नये.