पदाचा खर्च कोणी सोसायचा?

लोकप्रतिनिधीने प्रवासखर्च मागितला की आपल्यातल्याच काही साथींच्या कपाळाला आठी पडते. सेवेला मोल कसले, असा त्यांचा सवाल. सवाल उदात्त खरा. पण तो बहुधा घरी बागायत असणाऱ्यालाच परवडतो.

१८३८ सालच्या सनदेत इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांनी संसद-सदस्यांना वेतन असावे ही मागणी मताधिकाराच्या जोडीनेच मांडली होती. मत मिळाले तरी, वेतनावाचून, निवडून येणार धनिकच, हे त्यांनी ओळखले होते. ती मागणी पदरात पडण्यास १९११ साल उजाडावे लागले.

आपल्या राज्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट करण्याचा निर्णय झाला; दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावी ३,००० चे ६,००० रुपये. ठीकच झाले. परंतु मानधन म्हणजे खर्चाची भरपाई नव्हे. पंचायत समितीतले खेटे, जिल्हा परिषदेत अडकलेली फाईल, झेरॉक्स, फोन, आल्यागेल्याचा चहा हे सारे पदाचे खर्च होत. राखीव जागेवर एखादी शेतमजूर बाई सरपंच झाली तर प्रत्येक फेरीला तिची मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत बायांना तिकीट अर्धे झाले, पण बुडालेला दिवस कोण भरून देणार? मग ठेकेदार आपल्या जीपमध्ये जागा देऊ करतो. त्या जागेचे भाडे पुढे गटाराच्या बिलातून वसूल होते, हे सांगायला नकोच.

म्हणून प्रत्यक्ष झालेला खर्च आणि बुडालेली मजुरी ग्रामनिधीतून मिळालीच पाहिजे; निधी तुटपुंजा असेल तेथे शासनाने भर घालावी. मात्र ठोक भत्ता नको. जपानात ह्योगो प्रांताच्या एका विधानसभासदस्याने वर्षात १९५ एकदिवसीय दौरे दाखवून पैसे उचलले. २०१४ मध्ये ते उघडकीस आले. २०१६ मध्ये तोयामा शहरात डझनाहून अधिक नगरसेवकांना राजीनामे द्यावे लागले. तेथे पावत्या होत्या, त्याच बनावट निघाल्या! तेव्हा नुसती पावती पुरेशी नाही. ती पारखणारा हवा, आणि तालुक्याचे भाडे किती व सरपंच खरोखर गेल्या होत्या की नाही, हे गावाइतके कोणास ठाऊक असणार? हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. पुष्कळ ग्रामसभा कागदावरच भरतात, हे खरे. त्या प्रत्यक्ष भरविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे, आणि हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.