विश्लेषण : साहेब बोलतात, तेव्हा बाकीचे गप्प का बसतात?

रात्रीचे पावणेअकरा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो. नोकरीला लागून चारच महिने झालेल्या मुलाच्या एक्सेल शीटमध्ये चूक झालेली असते. ती दोन ओळींत सांगता आली असती. पण त्याचे कॉलेज, त्याचे इंग्रजी, त्याची अक्कल, सगळे काढले जाते. ग्रुपमधले वीसेक जण वाचतात. कोणी काही लिहीत नाही. दोघे हसण्याचे इमोजी टाकतात. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांच्यातलेच कोणी हळूच म्हणते, ‘मनावर घेऊ नकोस रे, साहेब तसेच आहेत.’

हा प्रसंग कोणत्या ऑफिसातला, हे सांगायची गरज नाही. अनेकांना तो आपल्याच ऑफिसातला वाटेल. यात अपमान करणारा एकच आहे. तो चालू देणारे वीस आहेत. चर्चा मात्र नेहमी त्या एकाच्या स्वभावाची होते.

पुण्याच्या घटनेने काय दाखवले?

मार्च २०२४ मध्ये पुण्यातील एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी रुजू झाली. जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या असह्य ताणाकडे बोट दाखवले. मुलीच्या अंत्यसंस्काराला ऑफिसमधून कोणीही आले नाही, ही खंतही त्यात होती. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध असल्याचे कंपनीने नाकारले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. हे ऑफिस २००७ पासून सुरू होते.

मृत्यूचे वैद्यकीय कारण काय, हा तज्ज्ञांचा विषय. पण इतकी वर्षे एवढे मोठे ऑफिस नोंदणीविना चालते आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही, यात गप्प बसणारे केवळ शेजारच्या टेबलावरचे नव्हते, हे उघड आहे.

कायदा काय म्हणतो?

महिलांच्या लैंगिक छळाविरोधात २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समितीत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. तक्रारदाराबरोबरच साक्षीदारांची ओळखही गुप्त ठेवावी लागते.

रोजच्या शिवीगाळीसाठी, चारचौघांत पाणउतारा करण्यासाठी किंवा मुद्दाम अशक्य मुदत देण्यासाठी मात्र अशी कोणतीही समिती नाही. पुरुष कर्मचाऱ्याला तर २०१३ च्या कायद्याचा आधारच नाही. फौजदारी कायद्यात धमकी आणि हेतुपुरस्सर अपमान हे गुन्हे आहेत. पण कामावरून वरिष्ठांनी खडसावणे म्हणजे असा अपमान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. शिस्तीसाठी रागावणे आणि माणूस मोडणे यांतली रेषा कोणी आखायची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

कामाच्या तासांचे काय? राज्याच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर अशी तरतूद होती. दिवसाचे ९ तास १० करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. शिवाय व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना या कायद्यातून सूट आहे. त्यामुळे पगार कारकुनाचा आणि पदनामात ‘मॅनेजर’, अशा तरुणांना ‘तुम्ही यात बसत नाही’ असे सहज ऐकवले जाते. खरे तर पदाचे नाव नव्हे, प्रत्यक्ष काम पाहिले पाहिजे.

मग लोक बोलत का नाहीत?

भीती हे पहिले कारण. घराचा हप्ता, वार्षिक मूल्यमापन, नोकरी सोडताना लागणारे अनुभवपत्र, हे सगळे त्याच साहेबांच्या हातात असते. दुसरे कारण सवय. ‘आम्हीही हेच सोसले, म्हणून तयार झालो’ हे वाक्य ऑफिसात सासुरवासासारखे चालते. काल सोसणारी सून आज सासू होते. तिसरे कारण मनुष्यबळ विभाग. तक्रार त्याच्याकडेच करायची, पण त्याचा पगार देणारी कंपनीच असते. त्रास देणारा अधिकारी धंदा आणून देत असेल, तर बदली तक्रारदाराचीच होते.

इतर देशांत काय आहे?

दक्षिण कोरियाने जुलै २०१९ पासून ऑफिसातील छळाला कायद्याने मनाई केली. तिथे तक्रार करणाऱ्याला त्रास दिल्यास मालकाला तुरुंगवास होऊ शकतो. जपानमध्ये पदाच्या जोरावर होणारा छळ रोखण्याची जबाबदारी २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांवरही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये याच विषयावर १९० क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

काय करता येईल?

त्रास होत असलेल्याने तारीख, वेळ, शब्द आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवावीत. तोंडी आदेश मिळाला की ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी मेल पाठवावी. तासांबाबतची तक्रार मुंबईत महापालिकेच्या दुकाने व आस्थापना विभागाकडे, इतरत्र कामगार आयुक्त कार्यालयाकडे करता येते. मन खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

पण सगळा भार त्याच्यावरच का टाकायचा? कायद्यात दुरुस्ती करून लैंगिक नसलेल्या छळाची चौकशीही बाहेरचा सदस्य असलेल्या समितीकडे द्यायला हवी आणि साक्षीदाराला तेच संरक्षण मिळायला हवे. माणूस साक्ष द्यायला घाबरतो, तो आपले नाव फुटेल म्हणून.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर त्या ग्रुपवर इमोजी न टाकणे आपल्या हातात आहे. ‘सर, ही शीट मी तपासली होती, चूक माझ्याही नजरेतून सुटली’ एवढे एखाद्या जुन्या सहकाऱ्याने, खरे असेल तेव्हा, लिहिले तरी तो मुलगा एकटा राहत नाही. ‘मनावर घेऊ नकोस’ हे डब्याच्या वेळी कानात सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचे आहे.