वीज आहे, दाब नाही

उन्हाळ्याच्या रात्री गोव्यातील अनेक वाड्यांवर वीज जात नाही. पण पंखा मंदावतो, पंप सुरू होत नाही, वातानुकूलन यंत्र वारंवार बंद पडते. ‘राज्याला वीज कमी पडते’ हा त्यावरचा नेहमीचा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

गोवा आपल्या गरजेची बहुतांश वीज राष्ट्रीय ग्रीडमार्फत राज्याबाहेरून घेतो. निर्मिती मागणीपेक्षा कमी पडली, तर ५० हर्ट्झ ही वारंवारता घसरते किंवा भारनियमन करावे लागते. वारंवारता देशभर एकच असते; दाब मात्र एका वाड्यावर पुरेसा आणि पुढच्याच वाड्यावर अपुरा असू शकतो. त्यामुळे दोष दूरच्या वीजकेंद्रात नव्हे, तर जवळच्या रोहित्रात आणि तारांत शोधावा लागतो.

प्रत्येक तार प्रवाहाला रोध करते. रोहित्रापासून शेवटच्या घरापर्यंतच्या तारांचा एकूण रोध अर्धा ओहम धरला, तर १० अँपिअर प्रवाहाला ५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ५० अँपिअरला २५. म्हणजे २३० व्होल्टने निघालेली वीज घरी २०५ व्होल्टने पोहोचते. नियमाला ६ टक्क्यांचाच चढउतार मान्य आहे. दाब सुमारे २१६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. शिवाय प्रवाह पाचपट झाला की तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज पंचवीसपट होते. तिन्ही फेजवर घरांचा भार समान विभागलेला नसेल, तर जड फेजवरच्या घरांचे हाल अधिक.

स्टॅबिलायझर हा यावरचा घरगुती उपाय. पण घरातला दाब वाढवताना तो तारेतून जादा प्रवाह ओढतो आणि शेजाऱ्याचा दाब आणखी घटवतो.

खरा उपाय वीज खात्याच्या हाती आहे: वस्तीजवळ जादा रोहित्रे, आखूड कमी दाबाच्या वाहिन्या, जाड तारा आणि फेजवरील भाराची समान वाटणी. नव्या इमारतींना व हॉटेलांना जोडणी देण्याआधी रोहित्राची क्षमता तपासणे हाही त्याचाच भाग. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच दिला आहे. तेथे तारीख, वेळ आणि मोजलेला दाब यांची नोंद मोघम तक्रारीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा ग्राहक युनिटमागे पहिल्या घराइतकाच दर भरतो. केवळ जादा वीज खरेदी करून त्याच्या घरातला दाब वाढणार नाही.