विरघळले, पण किती पाण्यात?

गेल्या मे महिन्यात, परभणीचा पारा चाळिशीपार असताना, जुलाबांनी गळून गेलेल्या एका आजींना नातवाने दवाखान्यात आणले. “सकाळपासून ओआरएस देतोय, डॉक्टर, तरी तहान काही भागेना.” पुडी एक लिटरची होती. त्याने ती अख्खी एका पेल्यात घोळली होती. पाणी अगदी नितळ दिसत होते, हे त्याचे म्हणणे मात्र खरे होते.

वाचकहो, आपली फसगत नेमकी येथेच होते. एक लिटर पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ सामावून घेऊनही नितळच दिसते. ओआरएसच्या लिटरभर द्रावणात मीठ असते अवघे २.६ ग्रॅम. पाण्यात किती विरघळू शकते ही विद्राव्यता. प्रत्यक्षात किती विरघळले आहे ही संहती. शरीराची गाठ पडते ती संहतीशी, आणि ती नजरेला कळत नाही.

रक्तातील विरघळलेल्या कणांचे प्रमाण लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार ओआरएसचे २४५, म्हणजे जरा कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्तात सहज जाते. त्या पेल्यातील द्रावण जवळपास पाचपट दाट होते, बाराशेच्या वर. असे द्रावण उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते. जुलाब वाढतात, रक्तातील सोडियम चढते. वयोवृद्धांची तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते, त्यामुळे धोका उशिरा लक्षात येतो.

मधुमेही मंडळी “साखर नको” म्हणून ओआरएस टाळतात. परंतु त्यातील लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज चवीसाठी नसते. त्याच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यामागून पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. तेव्हा जुलाब होत असताना ते घ्यावे, रक्तशर्करा मात्र तपासत राहावी.

पुडीवर एक लिटर लिहिले आहे की २०० मिलिलिटर, हे चष्मा लावून वाचा. तांब्याचे माप धरू नका, प्रत्येक घरचा तांब्या निराळा. विकतच्या पाण्याची लिटरची बाटली उत्तम. पुडी अर्धी करू नये, चोवीस तासांनी उरलेले द्रावण ओतून द्यावे. पुडी नसल्यास लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारा. गुंगी आली, लघवी थांबली, तर घरी थांबू नका.

आजींना दोन दिवस सलाईन द्यावे लागले.